एकाच तासाला दोन वर्ग

१९८९ सालच्या जूनमध्ये एस.वाय.बी.ए.चा फॉर्म भरताना मी स्पेशलच्या रकान्यात राज्यशास्त्र लिहिले आणि जनरलच्या रकान्यात तत्त्वज्ञान. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी फॉर्म परत सरकवला. "पोरी, दोन्हीचे तास एकाच वेळी आहेत. एक काय ते ठरव." मी तत्त्वज्ञान खोडून अर्थशास्त्र लिहिले, कारण अर्थशास्त्र घेतले तर बँकेत लागता येते असे घरी म्हणत. बँकेत काही लागले नाही. पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून लागले, आणि आता निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत.

वेळापत्रक करणाऱ्याला मी दोष देत नाही. हे दोन विषय एकाच विद्यार्थ्याला हवे असतील, हे त्याच्या मनातच आले नसणार. पण तो खोडलेला शब्द माझ्या मनात राहिला. पुढे ग्रामपंचायतींची दप्तरे तपासताना असे काही प्रश्न समोर येऊ लागले की त्यांचे उत्तर नियमांच्या पुस्तकात अर्धेच सापडे. तेव्हापासून नोकरी सांभाळून, मिळेल ते ग्रंथालय धरून, मी एका गोष्टीचा शोध घेत आले आहे. जिथे राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान मुद्दाम एकत्र शिकवतात, तिथे विद्यार्थ्याच्या डोक्यात नेमके काय होते? कुणा मार्गदर्शकाच्या हाताखाली केलेले हे संशोधन नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

या जोडीचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यासक्रम ऑक्सफर्डचा. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र असे तीन विषय, आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव पी.पी.ई. सुरुवात १९२० साली. पण त्या अभ्यासक्रमाचे सुरुवातीचे टोपणनाव अधिक बोलके आहे: 'मॉडर्न ग्रेट्स'. म्हणजे आधी एक जुने 'ग्रेट्स' होते. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय नव्याचा अर्थ लागत नाही.

जुने ग्रेट्स म्हणजे ग्रीक आणि लॅटिन भाषा पक्क्या झाल्यावर मूळ ग्रंथांतून करायचा प्राचीन इतिहासाचा आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास. वरवर पाहता हे पंडिती काम वाटते. पण त्यात एक मर्म होते. अथेन्स हे एकच नगर विद्यार्थी दोन बाजूंनी पाही. एकीकडे थ्युसिडिडीजच्या इतिहासात ते नगर युद्धात कसे उतरले, सभेत कसे भांडले, कसे हरले हे वाचायचे. दुसरीकडे त्याच पराभवाच्या सावलीत वाढलेल्या प्लेटोने न्याय म्हणजे काय हे कसे विचारले ते वाचायचे. जो प्रश्न तत्त्वज्ञाच्या वहीत होता त्याची जखम इतिहासाच्या वहीत सापडे. राज्यव्यवहार आणि तत्त्वचिंतन यांना जोडणारा पूल विद्यापीठाने बांधलेला नव्हता, तो त्या नगरातच होता.

आपला त्या ग्रेट्सशी संबंध आला तो असा. बेंजामिन जॉवेट हे प्लेटोचे भाषांतरकार १८७० ते १८९३ या काळात बॅलिओल महाविद्यालयाचे प्रमुख होते, आणि हुशार मुलांनी आय.सी.एस. होऊन हिंदुस्थानात जावे याबद्दल ते आग्रही होते. परीक्षेत ग्रीक-लॅटिनला गुणही भरपूर असत. त्यामुळे आपल्याकडे आलेल्या कितीतरी कलेक्टरसाहेबांनी तरुणपणी प्लेटो मूळ ग्रीकमधून वाचलेला असे. शेतसाऱ्याच्या कागदांवर सही करताना त्याचा काय उपयोग झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पहिले महायुद्ध संपले आणि खंदकांतून परतलेली पिढी विद्यापीठात आली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराऐवजी आजचे राज्य, आजचा उद्योग, आजची बेकारी हा विषय का नको, असा प्रश्न त्या काळात जोर धरू लागला. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी असलेली ग्रीकची सक्ती १९२० मध्ये उठली. स्त्रियांना ऑक्सफर्डची पदवी मिळू लागली तीही १९२० मध्येच. आणि त्याच वर्षी हा नवा अभ्यासक्रम आला. तीन गोष्टी एकाच वर्षी येणे हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्यांच्या घरी किंवा शाळेत कुणी ग्रीक शिकवलेले नाही, अशांसाठी तत्त्वज्ञानाचे दार त्या वर्षी किलकिले झाले.

फिलिपा फूट हे याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांची ही नात इंग्लंडच्या ग्रामीण भागात वाढली. तिचे बालपणीचे शिक्षण घरी ठेवलेल्या शिक्षिकांकडे झाले, तेही जेमतेम. अशी मुलगी जुन्या ग्रेट्सला पोचली असती असे वाटत नाही. तिने सॉमरव्हिल महाविद्यालयात पी.पी.ई. केले, १९४२ मध्ये पहिला वर्ग मिळवला आणि विसाव्या शतकातल्या नीतिशास्त्राला वळण दिले. ब्रेक नसलेली ट्रॉली पाच जणांवर जाऊ द्यावी की रूळ बदलून एकावर न्यावी, हा आता घरोघरी चघळला जाणारा पेच १९६७ च्या तिच्या लेखातून आला. त्याच पदवीत दुसरा वर्ग मिळालेले पीटर स्ट्रॉसन पुढे ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, हे परीक्षेत मार्क कमी पडलेल्या वाचकांसाठी जाता जाता सांगते.

आता शिकवण्याची पद्धत. आपल्याकडे 'विषय घेतला' म्हणजे वर्गात बसलो, नोट्स उतरवल्या, वर्षाच्या शेवटी पेपर लिहिला. तिथे कणा आहे तो ट्यूटोरियलचा. विद्यार्थ्याला आठवड्यासाठी एक प्रश्न आणि पुस्तकांची यादी मिळते. तो निबंध लिहून आणतो आणि एकटा किंवा आणखी एका विद्यार्थ्याबरोबर शिक्षकासमोर बसतो. पूर्वी तो निबंध मोठ्याने वाचून दाखवण्याची रीत होती. शिक्षक मध्येच थांबवून विचारतो, हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरला? पहिल्या वर्षी तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांची तोंडओळख सगळ्यांनाच करावी लागते. सुरुवातीला तिन्ही विषय शेवटपर्यंत न्यावे लागत. १९७०च्या सुमारास ती अट सैल झाली आणि पहिल्या वर्षानंतर एक विषय सोडता येऊ लागला. म्हणजे अर्थशास्त्र सोडून फक्त राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान. मला १९८९ मध्ये हवे होते नेमके ते.

या जोडीत काय घडते ते एका उदाहरणाने सांगते. राज्यशास्त्राच्या पेपरात आपण लिहितो की राज्याजवळ दंडशक्ती असते, ते कर वसूल करते, न देणाऱ्याला शिक्षा करते. ठीक. पण पिस्तूल रोखणारा दरोडेखोरही पैसे मागतो आणि न दिल्यास शिक्षा करतो. मग फरक काय? एच. एल. ए. हार्ट या ऑक्सफर्डच्याच कायदेतज्ज्ञाने १९६१ च्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न उलगडला. त्यांचा मुद्दा आपल्या मराठीत फार सोपा होतो. 'दरोडेखोराला पैसे द्यावे लागले' असे आपण म्हणतो. 'दरोडेखोराला पैसे द्यायला हवे होते' असे म्हणत नाही. घरपट्टीबद्दल मात्र दोन्ही म्हणता येते. 'लागते' आणि 'हवे' यांच्यातल्या या फटीतच राज्य नावाची वस्तू बसलेली आहे. नुसते राज्यशास्त्र शिकणारा 'लागते'पाशी थांबतो, कारण ते मोजता येते. नुसते तत्त्वज्ञान शिकणारा 'हवे'वर पाने भरतो, आणि पट्टी प्रत्यक्षात कोण भरत नाही, का भरत नाही, हे त्याला ठाऊक नसते. माझ्या तालुक्यातल्या थकबाकीच्या याद्या पाहिल्यावर मला वाटते की दोघांनाही एकमेकांच्या वर्गात बसवले पाहिजे.

पण एका पदवीत घातले म्हणजे विषय आपोआप बोलू लागतात असे नाही. ऑक्सफर्डमध्येच हे दिसले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तत्त्वज्ञांनी भाषेच्या विश्लेषणावर सगळा भर दिला. काय करावे हे सांगणे तत्त्वज्ञाचे काम नव्हे, शब्द कसे वापरले जातात ते स्वच्छ करणे एवढेच त्याचे काम, अशी वृत्ती बळावली. मॉड्लिन महाविद्यालयाच्या टी. डी. वेल्डन यांचे १९५३ चे पुस्तक तर राजकारणाच्या शब्दसंग्रहावरच आहे, आणि ते वाचून झाल्यावर राज्याबद्दल विचारण्यासारखे मोठे प्रश्न जवळजवळ उरतच नाहीत. १९५६ मध्ये केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट यांनी राजकीय तत्त्वज्ञान तूर्त मेले आहे असे लिहून टाकले. एकाच अभ्यासक्रमातले दोन विषय पाठीला पाठ लावून बसले होते, आणि तेही हिटलर होऊन गेल्यावर दहा-बारा वर्षांत! १९५८ मध्ये आयझाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांवर व्याख्यान दिले तेव्हा कोंडी फुटू लागली, आणि १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ आल्यावर पुरती फुटली. पुढे अमर्त्य सेन १९८० ते १९८८ या काळात ऑक्सफर्डला अर्थशास्त्राचे प्राध्यापक असताना रोनाल्ड ड्वॉर्किन, डेरेक पार्फिट आणि जेरी कोहेन यांच्यासह एकत्र वर्ग घेत. अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, तत्त्वज्ञ आणि मार्क्सवादी एकाच टेबलाशी. त्या खोलीच्या कोपऱ्यात बसायला मिळावे असे स्वप्न मी पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या पदवीने सत्ताधाऱ्यांची एक जात तयार केली असे ब्रिटनमध्ये उघड बोलले जाते. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरून, लिझ ट्रस, ऋषी सुनक, इतके पंतप्रधान या एका पदवीतून आले. विल्सन आणि हीथ तर परस्परांविरुद्ध पक्षनेते म्हणून निवडणुका लढले, आणि दोघांची पदवी एकच. आपल्या शेजारच्या बेनझीर भुट्टो, इम्रान खान आणि आँग सान सू ची यांनीही तीच घेतली. टीकाकार म्हणतात, आठवड्याला एक निबंध या हिशेबाने कोणत्याही विषयावर आत्मविश्वासाने बोलायची सवय लागते, खोली येत नाही. ट्रस यांचे सरकार २०२२ मध्ये पन्नास दिवससुद्धा टिकले नाही तेव्हा ही टीका पुन्हा उसळली. मला त्यात तथ्य दिसते. पण तो दोष विषयांच्या जोडीचा नसून दाराचा आहे असे माझे मत. त्या दारातून आत जाणारे बहुतेक आधीच राज्य करायला निघालेले होते. ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांच्यातला कुणी हे दोन विषय एकत्र शिकला तर काय होते, हे पाहायला ऑक्सफर्ड सोडून न्यूयॉर्कला जावे लागते.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, वय बावीस. कोलंबियात पी.पी.ई. नव्हते, ते अजून कुठेच नव्हते. पण तिथे विद्यार्थ्याला विभागांच्या भिंती ओलांडून वर्ग निवडता येत. विद्यापीठाच्या नोंदींप्रमाणे त्यांनी तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मनचा एकेक वर्ग घेतला. मी बेरीज करून पाहिली, ६० होते. पैकी राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान मिळून ८. कागदावर पाहिले तर हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पण तत्त्वज्ञानाच्या त्या वर्गांत जॉन ड्यूई यांचे, नैतिक आणि राजकीय तत्त्वज्ञानावरचे वर्ग होते, १९१४ मध्ये आणि पुन्हा १९१५-१६ मध्ये. लोकशाही ही केवळ सरकारची रचना नसून माणसांनी एकमेकांच्या अनुभवात सहभागी होण्याची जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा सिद्धान्त. त्यावरचा त्यांचा शिक्षणविषयक ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आंबेडकर वर्गात होते तेव्हा तो आकार घेत होता. त्याच मे महिन्यात आंबेडकरांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला.

या शिकण्याचे फळ कुठे दिसते? बहुतेक अभ्यासक १९३६ च्या 'जातिसंहारा'च्या न झालेल्या भाषणाकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र १९१९ ची साक्ष अधिक महत्त्वाची वाटते. मताधिकार कुणाला द्यावा हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती आली होती. जानेवारीत सत्तावीस वर्षांचे आंबेडकर तिच्यासमोर उभे राहिले. सिडनॅम महाविद्यालयात ते तेव्हा प्राध्यापक होते. प्रश्न पूर्णपणे राज्यशास्त्राचा: मतदारसंघ कसे आखायचे, मत द्यायला पात्रता किती ठेवायची. उत्तर देताना त्यांनी ड्यूई यांच्या ग्रंथातला एक जीवशास्त्रीय शब्द वापरला, 'एंडॉस्मोसिस'. पातळ पडद्यातून द्रव एका बाजूने दुसऱ्या बाजूला झिरपतो, ती क्रिया. त्यांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत असा: निव्वळ प्रादेशिक मतदारसंघ चालतो तो जिथे समाजाच्या गटागटांत असे झिरपणे चालू असते तिथे. तिथे एका गटाचा माणूस दुसऱ्याचे सुखदुःख जाणू शकतो, म्हणून त्याचे प्रतिनिधित्वही करू शकतो. जातीने पडदा दगडी केला असेल तर बहुसंख्याकांचा माणूस सर्वांचा प्रतिनिधी आहे हे फक्त कागदावर. आणि मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही हवे. आपल्यासारख्या माणसाला राज्याच्या सभेत बसलेले पाहण्याचा, तिथे स्वतः बसण्याचा हक्क हा स्वतंत्र हक्क आहे.

इथे क्षणभर थांबावे. मतदारसंघाच्या सीमा हा तांत्रिक प्रश्न आणि 'एका माणसाने दुसऱ्याच्या जागी उभे राहणे म्हणजे काय' हा तात्त्विक प्रश्न, या दोहोंत त्या निवेदनात शिवण दिसत नाही. साठ वर्गांपैकी पाच आणि तीन यांची ती करामत आहे. त्यापाठी स्वतःचा अनुभव होता, हे तर आहेच.

ही परंपरा आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. माझ्या खानदेशात, अमळनेरला, श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. 'विचारांतील स्वराज्य' हा विषय मांडणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथले संचालक होते. 'स्वराज्य' या राजकीय शब्दाला त्यांनी डोक्याच्या आत नेले. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी तत्त्वज्ञानाचे एम.ए. होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. वाईच्या 'नवभारत'मधून मे. पुं. रेगे यांनी मराठीतच ही दोन्ही शास्त्रे समोरासमोर बसवली. म्हणजे मासिकांत, मंदिरांत, तुरुंगांत हे चालू होते. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तेवढे नव्हते.

आता वेळापत्रक बदलले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतला गौण विषय जोडता येतो. माझी भाची गेल्या वर्षी बी.ए.ला गेली. मी मोठ्या हौसेने म्हटले, राज्यशास्त्र मुख्य घे आणि तत्त्वज्ञान गौण. यादीत ती जोडी छापलेली होती. भाची चौकशी करून आली. "मावशी, विषय आहे, पण सर नाहीत. जुने सर रिटायर झाल्यावर जागा भरलीच नाही म्हणे. भूगोल घ्या म्हणतात." आम्ही तालुक्यातली आणखी दोन महाविद्यालये पाहिली. तिथे तर छापलेलेही नव्हते. माझ्या वेळी दोन वर्ग एकाच तासाला होते. आता तास मोकळा आहे आणि वर्ग नाही.

भाचीने भूगोल घेतला. पण दर रविवारी दुपारी ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी वाचतो. सुरुवात तिच्याच एका प्रश्नाने झाली. राज्यशास्त्राच्या पुस्तकात तिने पाठ केले होते की १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तिच्या आजोळच्या गावात सरपंच बाई आहेत, मासिक सभेला त्यांचे यजमान बसतात, ठराव तेच सांगतात आणि प्रोसिडिंग बुकावर सही बाईंची होते. "मग बायकांचे प्रतिनिधित्व झाले की नाही झाले? परीक्षेत काय लिहू?" मी तीस वर्षे अशी प्रोसिडिंग बुके तपासली आहेत. सही आहे, कोरम आहे, आक्षेप नाही, असा शेरा मारून पुढे पाठवली आहेत. मला तिला चटकन उत्तर देता येईना.

महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखनाच्या पहिल्या खंडात साउथबरो समितीपुढचे निवेदन आहे. माझी प्रत जुनी, बांधणी सुटलेली. आम्ही ती घेऊन बसलो. एका रविवारी जेमतेम दोन पाने होतात, कारण इंग्रजी तिला जड जाते आणि मला काही ठिकाणी. मतांचे प्रतिनिधित्व आणि माणसांचे प्रतिनिधित्व या मुद्द्यापाशी ती म्हणाली, "म्हणजे बाई खुर्चीत बसल्या तर अर्धे झाले, आणि बोलल्या तर पुरे." मी म्हटले, आणि बोलल्या पण नवऱ्याचेच बोलल्या तर? त्यावर आमचा चहा गार झाला.

पुढच्या रविवारी एडमंड बर्क घ्यायचा ठरला आहे. निवडून दिलेल्याने मतदारांच्या आज्ञेप्रमाणे वागावे की स्वतःच्या विवेकाप्रमाणे, यावर तो १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांपुढे बोलला होता, आणि सहा वर्षांनी त्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून द्यायची चिन्हे नव्हती म्हणून त्याला माघार घ्यावी लागली. भाचीने विचारले आहे की तिची मैत्रीणही आली तर चालेल का. मैत्रिणीची आई गेल्या निवडणुकीत सरपंच झाली आहे.